तळटीप : एलकुंचवार, महेश

सानगडी (ता. साकोली, जि. भंडारा) हे सहानगडाच्या पायथ्याचे, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले गाव. दिवाळीनंतर, मंडईच्या (गावजत्रेच्या) दिवसांत या भागात नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. मूळ मजकुरात या नाटकांच्या प्रेक्षकासंदर्भात नाटककार एलकुंचवारांचे नाव आले आहे म्हणून ही टीप. झाडीपट्टीच्या मंडळ्यांशी त्यांचा संबंध जोडू नये. समान आहे तो विदर्भ.

जन्म १९३९, पारवा (जि. यवतमाळ). नागपुरात इंग्रजीचे प्राध्यापक होते. विजय तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ हे नाटक पाहून ते नाट्यलेखनाकडे वळले. ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथा’ मासिकात आली आणि दिग्दर्शिका विजया मेहतांचे तिच्याकडे लक्ष गेले. पुढचे ठळक नाव ‘वाडा चिरेबंदी’ या नाटकाचे (१९८५). त्यातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या घरात वऱ्हाडी बोली विनोदापुरती येत नाही, घराची पडझड तीच सांगते. ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ धरून ही त्रिनाट्यधारा झाली. २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘युगान्त’ला.

पटकथा मोजक्याच. गोविंद निहलानींचा ‘पार्टी’ आणि केतन मेहतांचा ‘होली’, दोन्ही १९८४ चे, त्यांच्याच नाटकांवरून. ‘पार्टी’त ज्याची सगळे चर्चा करतात तो कवी मेजवानीला येतच नाही, ही युक्ती मुळात रंगमंचाची, पण पडद्यावरही ती तितकीच बोचते.