दक्षिण आफ्रिकेतील न्याय्य ऊर्जासंक्रमण व आंतरराष्ट्रीय साहाय्य

दगडी कोळसा, खनिज तेल यांसारख्या इंधनांवरील अवलंबन कमी करून सूर्यप्रकाश, वारा इ. स्रोतांकडे वळताना त्या बदलाचा भार केवळ खाणकामगार, वीजकेंद्रांतील मजूर आणि त्यांच्या वसाहती यांच्यावर पडू नये, या तत्त्वाने घडवून आणलेल्या स्थित्यंतरास न्याय्य ऊर्जासंक्रमण असे म्हणतात. ही कल्पना मूळची कामगार चळवळीतील आहे. अमेरिकेतील तेल, रसायन व अणुउद्योगांतील कामगारांचे नेते टोनी मॅझोकी यांनी ती प्रथम आग्रहाने मांडली. प्रदूषक कारखाना बंद करणे समाजाच्या हिताचे असेल, तर त्याची किंमत समाजाने द्यावी, तेथील कामगाराने एकट्याने देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१५ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व त्याच वर्षीच्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत या तत्त्वाचा उल्लेख झाला. मात्र ही किंमत राष्ट्राराष्ट्रांत कशी वाटून घ्यावयाची, हा प्रश्न त्या उल्लेखाने सुटला नाही. धनिक राष्ट्रांच्या एका गटाने एखाद्या विकसनशील देशाला अशा संक्रमणासाठी ठरावीक रकमेचे साहाय्य देऊ करण्याची पहिली घटना २०२१ मध्ये द. आफ्रिकेच्या बाबतीत घडली. तिच्या इतिहासात या प्रश्नाचे सर्व पैलू स्पष्टपणे दिसून येतात.

द. आफ्रिकेचा औद्योगिक विकास कोळशाच्या आधाराने झाला. विटवॉटर्झरँड येथील सोन्याच्या खाणींना लागणारी वीज पूर्वेकडील पठारावरील कोळशापासून निर्माण करण्यात येई. १९२३ मध्ये हेंड्रिक व्हान डर बेल यांच्या अध्यक्षतेखाली विद्युत् पुरवठा आयोग स्थापन झाला. हाच पुढे एस्कॉम या नावाने ओळखला जाऊ लागला. खाणीच्या तोंडाशी वीजकेंद्र उभारावयाचे, त्यात हलक्या प्रतीचा कोळसा जाळावयाचा व उत्तम प्रतीचा निर्यात करावयाचा, ही व्यवस्था पुढे रूढ झाली. १९७६ मध्ये रिचर्ड्स बे येथील बंदर सुरू झाल्यावर निर्यातीला मोठी चालना मिळाली. या व्यवस्थेतून जगातील अत्यंत स्वस्त विजेपैकी वीज निर्माण झाली. तथापि ती स्वस्त असण्याचे एक कारण म्हणजे खाणींतील कृष्णवर्णीय स्थलांतरित मजुरांना मिळणारे अत्यल्प वेतन हे होते आणि वर्णविद्वेषी राजवटीच्या काळात ही वीज त्या मजुरांच्या घरी क्वचितच पोहोचली. १९९४ मध्ये लोकशाही आली, तेव्हा देशातील निम्म्याहून अधिक घरांत वीज नव्हती. २०११ च्या शिरगणतीच्या वेळी ऐंशी टक्क्यांहून अधिक घरांत दिव्यासाठी वीज वापरली जात होती. नव्या राजवटीचे हे यश लहान नव्हे, परंतु तेही कोळशाच्याच बळावर मिळाले होते.

वाढत्या मागणीसाठी २००७ च्या सुमारास नवी केंद्रे लागतील, असा इशारा १९९८ च्या ऊर्जाविषयक श्वेतपत्रिकेत देण्यात आला होता. त्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही. २००८ च्या जानेवारीत भारनियमन इतके तीव्र झाले, की सोन्याच्या व प्लॅटिनमच्या मोठ्या खाणींचे काम काही दिवस थांबवावे लागले. घाईघाईने मेडूपी व कुसिले या दोन प्रचंड औष्णिक केंद्रांची कामे हाती घेण्यात आली. मेडूपीसाठी २०१० च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने ३·७५ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्यातील ३ अब्जांहून अधिक रक्कम कोळशाच्या केंद्रासाठी होती, तर वारा व सौर ऊर्जा यांच्या वाट्यास २६ कोटी डॉलर आले. अमेरिका, ब्रिटन, नेदर्लंड्स इ. देश त्या वेळी मतदानात तटस्थ राहिले. मेडूपीचा शेवटचा संच २०२१ च्या जुलैअखेर पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि त्यानंतर आठवडाभरातच तेथील दुसऱ्या एका संचात स्फोट झाला. कोळसा सोडण्यासाठी साहाय्याची घोषणा झाली ती त्यानंतर तीन महिन्यांनी. म्हणजे एका कर्जाने उभारलेले केंद्र पुरते चालू होण्यास व त्या मार्गावरून परतण्यासाठी दुसरी कर्जे देऊ केली जाण्यास एकच वर्ष लागले.

साहाय्याची मागणी मात्र नवी नव्हती. २००९ च्या कोपनहेगन परिषदेपूर्वी राष्ट्राध्यक्ष जेकब झूमा यांनी अपेक्षित वाढीच्या तुलनेत वायू-उत्सर्जन २०२० पर्यंत ३४ टक्क्यांनी व २०२५ पर्यंत ४२ टक्क्यांनी कमी करण्याची तयारी दर्शविली होती. ही तयारी निधी व तंत्रज्ञान यांचे परदेशी साहाय्य मिळण्याच्या अटीवर होती. त्याच परिषदेत विकसित राष्ट्रांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. हे उद्दिष्ट प्रत्यक्षात दोन वर्षे उशिरा, म्हणजे २०२२ मध्ये, गाठले गेले. देशांतर्गत पातळीवर द. आफ्रिकी कामगार संघटनांच्या महासंघाने २०११ मध्ये हवामानविषयक धोरण स्वीकारून न्याय्य संक्रमणाची मागणी केली होती. २०२० च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी सरकार, उद्योग, कामगार व नागरी संघटना यांच्या प्रतिनिधींचा एक हवामान आयोग नेमला. या आयोगाच्या आराखड्यास २०२२ मध्ये मंत्रिमंडळाची संमती मिळाली. लाभ व भार यांची वाटणी, निर्णयप्रक्रियेतील सहभाग आणि पूर्वी झालेल्या हानीची भरपाई अशी न्यायाची तीन अंगे त्यात मानण्यात आली आहेत. यांतील तिसरे अंग द. आफ्रिकेच्या इतिहासातून आलेले आहे, हे उघड आहे.

भागीदारी : २ नोव्हेंबर २०२१ रोजी ग्लासगो येथील हवामान परिषदेत द. आफ्रिका आणि फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, अमेरिका व यूरोपीय संघ यांचे संयुक्त राजकीय घोषणापत्र प्रसिद्ध झाले. त्यानुसार तीन ते पाच वर्षांच्या पहिल्या टप्प्यासाठी ८·५ अब्ज डॉलर उपलब्ध करून देण्याचे ठरले. साहाय्याच्या अटी तपासून त्याचा विनियोग ठरविण्यासाठी माजी बँकर डॅनियल मिनेले यांच्या नेतृत्वाखाली एक पथक नेमण्यात आले. एका वर्षाच्या वाटाघाटींनंतर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये रामाफोसा यांनी गुंतवणूक आराखडा जाहीर केला. वीजनिर्मिती व पारेषण, विजेवर चालणारी वाहने आणि हरित हायड्रोजन या क्षेत्रांसाठी २०२३ ते २०२७ या पाच वर्षांत सु. दीड लाख कोटी रँड, म्हणजे सु. ९८ अब्ज डॉलर, लागतील असा त्यात अंदाज होता. देऊ केलेली रक्कम या गरजेच्या अकराव्या हिश्श्याइतकीच होती.

रकमेपेक्षा तिचे स्वरूप अधिक वादग्रस्त ठरले. ८·५ अब्ज डॉलरपैकी सु. ६३ टक्के रक्कम सवलतीची कर्जे, १८ टक्के व्यापारी दराची कर्जे व १५ टक्के हमी या रूपात होती. जिला खऱ्या अर्थाने देणगी म्हणता येईल, अशी अनुदानाची रक्कम अवघी चार टक्के होती व तीतील काही भाग तांत्रिक सल्ल्यावर खर्च व्हावयाचा होता. जर्मनी व फ्रान्स यांच्या विकास बँकांनी २०२२ मध्ये प्रत्येकी ३० कोटी यूरो दिले. त्यांचा व्याजदर बाजारातील दराहून पुष्कळच कमी होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु कर्ज ते कर्जच. ते परकीय चलनात फेडावयाचे असल्यामुळे रँडचे मूल्य घसरले, की त्याचा बोजा आपोआप वाढतो. एस्कॉम तर आधीच सु. ४०० अब्ज रँडच्या कर्जाखाली दबलेली होती व २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यातील २५४ अब्ज रँडचा भार सरकारला स्वतःवर घ्यावा लागला. शिवाय कर्ज देणारा उत्पन्न देणारी योजना शोधतो. सौर उद्यान वीज विकून पैसे परत करू शकते, पण बेकार झालेल्या खाणकामगाराचे पुनःप्रशिक्षण, त्याच्या गावातील शाळा, किंवा जुन्या खाणीच्या दूषित पाण्याचा बंदोबस्त यांतून कर्जाचा हप्ता निघत नाही. संक्रमणातील ‘न्याय्य’ हा भाग अशा रीतीने नेमका अनुदानाच्या तोकड्या रकमेवर विसंबून राहिला.

कोमाटी : या सर्वांची पहिली कसोटी म्पुमालांगा प्रांतातील कोमाटी येथे लागली. देशातील कोळशाचे बहुतेक, म्हणजे सु. चार-पंचमांश, उत्पादन या प्रांतात होते व कोळसा-खाणींतील सु. ९०,००० कामगारांपैकी बहुसंख्य येथेच आहेत. विटबँक (२००६ पासून इमालाह्लेनी) परिसरातील हवा वर्षानुवर्षे दूषित आहे. २००७ मध्ये हा भाग विशेष प्रदूषित क्षेत्र म्हणून घोषित झाला, पण सुधारणा झाली नाही. २०२२ च्या मार्चमध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने या प्रदूषणामुळे रहिवाशांच्या आरोग्यास अपायकारक नसलेल्या पर्यावरणाच्या घटनादत्त हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. चिमण्यांचा धूर ज्या वस्त्यांच्या वाट्यास आला, त्याच वस्त्यांची रोजी चिमण्या विझल्यावर जाणार होती.

कोमाटी केंद्राचा पहिला संच १९६१ मध्ये सुरू झाला. नऊ संचांचे व सु. १,००० मेगावॉट क्षमतेचे हे केंद्र १९९० च्या सुमारास बंद ठेवण्यात आले होते. २००८ च्या टंचाईनंतर ते पुन्हा चालू करण्यात आले. आयुर्मान संपल्यामुळे एकेक संच थांबत जाऊन अखेरीस एकच उरला व तोही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी बंद झाला. त्यानंतर लवकरच जागतिक बँकेने ४९·७ कोटी डॉलर मंजूर केले. त्यातील ४३·९५ कोटी बँकेचे कर्ज, ४·७५ कोटी कॅनडाच्या निधीतील सवलतीचे कर्ज व केवळ १ कोटी अनुदान होते. १५० मेगावॉटचा सौर प्रकल्प, ७० मेगावॉटच्या पवनचक्क्या व १५० मेगावॉटचा विद्युत् संचय, तसेच प्रशिक्षण केंद्र व सुट्या भागांची जुळणी करणारा लहान कारखाना अशी योजना होती. परंतु केंद्र थांबले तेव्हा यांपैकी मोठी कामे सुरूही झाली नव्हती. एस्कॉमच्या कायम कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले नाही, त्यांची अन्यत्र बदली झाली. पण ते गेल्यामुळे गावातील खोल्या व दुकाने ओस पडू लागली. ठेकेदारांकडील सफाई, दुरुस्ती, वाहतूक इ. कामांवरील मजुरांना बदलीही नव्हती. राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगाने २०२३ मध्ये या अनुभवाचा आढावा घेतला. स्थानिकांशी सल्लामसलत अपुरी झाली व पर्यायी रोजगाराची तयारी केंद्र बंद होण्याच्या पुष्कळ आधी व्हावयास हवी होती, असे आयोगाने सांगितले.

बंदीचा मुहूर्तही वाईट ठरला. २०२३ मध्ये देशात तीनशेहून अधिक दिवस भारनियमन झाले. कोमाटीच्या एका उरलेल्या संचाचा या तुटवड्यातील वाटा नगण्य होता. पण अंधारात बसलेल्या जनतेला ते पटवून देणे कठीण होते. ऊर्जामंत्री ग्वेडे मँटाशे यांचा कोळसा घाईने सोडण्यास प्रथमपासून विरोध होता, तर वीजमंत्री कोसिएन्त्शो रामोखोपा यांनी कोमाटी बंद करण्यावर उघड टीका केली. यूरोपीय देशांच्या वर्तनानेही विरोधकांना बळ मिळाले. युक्रेन युद्धानंतर रशियाचा कोळसा व वायू तुटल्यामुळे जर्मनीने बंद ठेवलेली केंद्रे पुन्हा पेटविली आणि रिचर्ड्स बे बंदरातून यूरोपकडे जाणारा कोळसा २०२२ मध्ये कित्येक पटींनी वाढला. कॅम्डेन, हेंड्रिना व खरूट्व्ले ही तीन जुनी केंद्रे पूर्वनियोजनाऐवजी २०३० पर्यंत चालू ठेवण्याचा निर्णय एस्कॉमने २०२४ मध्ये घेतला. हवामान गुंतवणूक निधीकडील ५० कोटी डॉलरचे साहाय्य ही केंद्रे वेळेवर बंद होण्याशी निगडित असल्यामुळे योजना बदलून घ्यावी लागली. सुधारित योजनेस २०२५ च्या जूनमध्ये मान्यता मिळाली.

दरम्यान द. आफ्रिकेचा नमुना अन्यत्र गेला होता. इंडोनेशियासाठी २० अब्ज डॉलर व व्हिएटनामसाठी १५·५ अब्ज डॉलर यांची घोषणा २०२२ च्या अखेरीस, तर सेनेगलसाठी २·५ अब्ज यूरोंची घोषणा २०२३ मध्ये झाली. द. आफ्रिकेच्या भागीदारीत नेदर्लंड्स, डेन्मार्क इ. देश सामील होऊन वचनबद्ध रक्कम १३·८ अब्ज डॉलरपर्यंत पोहोचली. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने द. आफ्रिका, इंडोनेशिया व व्हिएटनाम येथील भागीदाऱ्यांतून अंग काढून घेतले. द. आफ्रिकेपुरती ही रक्कम सु. १ अब्ज डॉलर होती व तीतील बहुतेक भाग संभाव्य व्यापारी गुंतवणुकीचा असल्यामुळे तिजोरीतून प्रत्यक्ष काही गेले असे नव्हे. ग्लासगोचे घोषणापत्र हा बंधनकारक करार नसल्यामुळे दाद मागण्याचाही प्रश्न उद्भवला नाही. उर्वरित भागीदारांनी आपली वचने कायम असल्याचे कळविले व एकूण रक्कम १२·८ अब्ज डॉलर झाली. द. आफ्रिकेने घेतलेल्या कर्जांची फेड मात्र सही केलेल्या करारांप्रमाणे, ठरलेल्या मुदतींत व्हावयाची आहे.