६ जानेवारी : ‘जयपूर फूट’चे डॉ. सेठी

‘जयपूर फूट’ हा कृत्रिम पाय घडवणारे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांचे ६ जानेवारी २००८ रोजी निधन झाले. त्या आधीचा परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय महाग. त्याला बूट हवाच आणि मांडी घालून किंवा उकिडवे बसणे अशक्य. शेतकऱ्याला तो काय कामाचा? सेठी यांनी कारागीर रामचंद्र शर्मा यांच्यासोबत चिखलातही अनवाणी चालता येईल असा रबरी पाय बनवला. शर्मांचे नाव बऱ्याचदा मागे राहते, ते आवर्जून घ्यायला हवे. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डी. आर. मेहता यांनी १९७५ मध्ये जयपुरात स्थापलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती हे पाय, कुबड्या, कॅलिपर आणि तीनचाकी सायकली गरजूंना विनामूल्य देते.