मुशीतले पोलाद आणि प्लॅस्टिकची आग

परवा वर्गात फळ्यावर 'पोलाद' शब्द लिहिला. मुलांना सांगितले, हा मराठी शब्द फारसीतून आला. उर्दूत तोच 'फौलाद'. अरबीत हिंदुस्थानी पोलादाच्या तलवारीला 'मुहन्नद' म्हणत. नवव्या शतकात अल-किंदी यांनी तलवारींवर ग्रंथ लिहिला, त्यातही हिंदी तलवारी आहेत.

हे पोलाद दख्खनमधूनही जाई. बीड 1948 पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानातले निजामाबादकडचे कोनासमुद्रम हे त्याचे नामांकित केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. व्हॉयसी तिथे गेले, तेव्हा पोलाद खरेदीसाठी आलेला इस्फहानचा व्यापारी त्यांना भेटला. दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी लोहार मातीच्या मुशीत लोखंडासोबत लाकूड-पाला बंद करून तापवीत. त्यातला कार्बन लोखंडात मुरे.

2006 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या चमूला सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या आढळल्या. या नळ्या केसापेक्षा हजारो पट बारीक असतात. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी 1991 मध्ये जगाचे लक्ष त्यांच्याकडे वेधले होते.

आज याच नळ्या आगीशी झुंजायला प्लॅस्टिकमध्ये घालून पाहतात. साधे प्लॅस्टिक पेटले की वितळून ठिबकते आणि आग पसरवते. अमेरिकेत ताकाशी काशिवागी व सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवले, की थोड्याशा नॅनोनळ्या नीट पसरल्या तर त्यांचे जाळे होते. प्लॅस्टिक जळू लागले की दुधावर साय धरावी तसा या जाळ्याचा थर वर धरतो आणि आत जाणारी उष्णता अडवतो. नळ्यांच्या गुठळ्या झाल्या तर हा गुण जातो. म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर फॉस्फरसयुक्त संयुगे जोडून त्या सुधारतात.

याने आग लागायची थांबत नाही. ती सावकाश वाढते. पण शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात 6 नोव्हेंबर 2021 ला अतिदक्षता विभागातल्या आगीत किमान 11 रुग्ण गेले, हे आठवले की आगीत एकेक मिनिट किती मोलाचे असते ते कळते.

तास संपताना एका मुलीने विचारले, "सर, त्या लोहारांची नावं काय होती?"

मला सांगता आले नाही. त्यांची विद्या हातातून हातात गेली, कागदावर फारशी उतरली नाही, आणि भट्ट्या विझल्या तशी तीही गेली. आपल्या मुलांनी कार्बनचे हे नवे काम आपल्या भाषेत शिकावे आणि आपल्या नावाने लिहून ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.