अर्धसंवाहक तरंगमार्गदर्शकांचे गणित

अधिक प्रणमनांकाच्या द्रव्याची अरुंद पट्टी कमी प्रणमनांकाच्या द्रव्याने वेढली असता प्रकाश त्या पट्टीतच बहुतांशी कोंडून राहतो व तिच्या लांबीच्या दिशेने पुढे जातो. अशा पट्टीस तरंगमार्गदर्शक म्हणतात. मॅक्सवेलच्या समीकरणांनी हा व्यवहार पूर्णपणे बांधला गेला आहे; तथापि आयताकृती छेदाच्या पट्टीसाठी त्या समीकरणांची नेमकी सूत्ररूप उकल उपलब्ध नाही. गोल तारेचा प्रश्न होन्ड्रॉस व डिबाय ह्यांनी १९१० मध्येच सोडविला होता. आयताचे कोपरे मात्र गणितास दाद देत नाहीत. म्हणून गणनेत काय घ्यावे व काय सोडावे, ह्याचा निर्णय प्रत्येक पिढीतील अभ्यासकांस करावा लागला.

सप्टेंबर १९६९ मध्ये ‘बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल’च्या एकाच अंकात ह्या प्रश्नाची दोन उत्तरे प्रसिद्ध झाली. मार्काटिली ह्यांनी कोपऱ्यांबाहेरील क्षेत्र सरळ वगळले व हाताने सोडविता येतील अशी समीकरणे मिळविली. गोएल ह्यांनी संगणकाच्या साहाय्याने कोपरे हिशेबात घेतले. प्रकाश पट्टीत घट्ट बांधलेला असता दोन्ही उत्तरे जुळतात. तो जेमतेम बांधलेला असता क्षेत्र बाहेर दूरवर पसरते आणि मार्काटिलींची रीत चुकू लागते.

दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या असता एकीतील प्रकाश दुसरीत जातो व परत येतो. ह्या युग्मनाचे गणित पिअर्स व मिलर ह्यांनी १९५४ मध्ये मांडले होते. यारिव ह्यांनी १९७३ मध्ये त्यास प्रकाशमार्गांसाठी व्यवस्थित रूप दिले. त्यात दोन पट्ट्यांची तरंगरूपे परस्परांपासून स्वतंत्र मानली जात. पट्ट्या अगदी निकट आल्या की हे गृहीत टिकत नाही, हा आक्षेप हार्डी व स्ट्रायफर ह्यांनी १९८५ मध्ये पुढे आणला आणि १९८७ मध्ये हाउस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुनर्विचार केला.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. प्रकाश पूर्णपणे पलीकडे जाण्यास लागणारी लांबी ही जोडीच्या सम व विषम तरंगरूपांच्या प्रभावी प्रणमनांकांतील फरकावर अवलंबून असते. १.५५ मायक्रॉन तरंगलांबीस हा फरक ०.०१० धरल्यास लांबी ७७.५ मायक्रॉन येते. खरा फरक ०.०११ असल्यास त्या लांबीवर सुमारे अडीच टक्के प्रकाश मूळ पट्टीतच उरतो. प्रणमनांक २.४ च्या आसपास असताना ही चूक सुमारे २,४०० भागांत एक भाग एवढीच आहे.

सिलिकॉनने हा प्रश्न अधिक तीव्र केला. त्याचा प्रणमनांक सुमारे ३.४८, तर भोवतालच्या सिलिकाचा १.४४ आहे. फाइट व फ्लेक ह्यांनी १९७८ मध्ये प्रकाशीय तंतूंसाठी वापरलेली शलाका-प्रसारण रीत मूळ स्वरूपात परावर्तन व मोठे कोन वगळते. एवढ्या तीव्र भेदास ती पुरत नाही. यी ह्यांनी १९६६ मध्ये सुचविलेली रीत अवकाश व काल ह्यांचे बारीक तुकडे पाडून मूळ समीकरणेच सोडविते. मात्र संपूर्ण मंडलासाठी ती फार खर्चिक ठरते. म्हणून लहान घटक यींच्या रीतीने तपासून त्यातून मिळालेले युग्मनांक जुन्या सिद्धांतात घालण्याचा प्रघात रूढ आहे. ह्या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या रीतीत काय वगळले आहे, हे प्रथम लिहून ठेवावे हे श्रेयस्कर होय.