मधपाळांच्या डोंगरातले कुकू घड्याळ

दर तासाला एक इवलेसे दार उघडते, लाकडी पक्षी बाहेर डोकावतो आणि जितके वाजले असतील तितक्या वेळा 'कुकू' अशी साद घालतो. आपल्याकडे हे घड्याळ स्वित्झर्लंडची भेटवस्तू म्हणून परिचित असले, तरी त्याचे माहेरघर जर्मनीच्या नैऋत्येकडील ब्लॅक फॉरेस्ट हे आहे.

अशा घड्याळाची नोंद १६२९ सालीच आढळते. ऑग्सबर्गच्या फिलिप हाइनहोफर यांनी सॅक्सनीच्या राजघराण्याकडील कुकू घड्याळाचे वर्णन केले होते. अठराव्या शतकात ब्लॅक फॉरेस्टमधील शेतकरी कुटुंबांनी हिवाळ्यातील जोडधंदा म्हणून ही कला वाढवली. आजचे घराच्या आकाराचे रूप मात्र रेल्वेची देणगी आहे. १८५०मध्ये फुर्टवांगेनच्या घड्याळ-विद्यालयाने आराखडे मागवले, तेव्हा वास्तुविशारद फ्रीडरिश आयझेनलोर यांनी रेल्वे चौकीदाराच्या घराचा नमुना पाठवला. मुंबई-ठाणे गाडी त्यानंतर तीन वर्षांनी धावली. लोकलच्या वेळापत्रकावर दिवस बांधलेल्या चिखलोली-बदलापूरच्या रहिवाशांना हे नाते जवळचे वाटावे.

पुढे या घरांच्या अंगणात लाकूडतोडे, पाणचक्की आणि मधपाळही अवतरले. मधपाळ तेथे उपरा नाही. घड्याळावरील कोरीवकाम प्रामुख्याने लिंडनच्या मऊ लाकडात होते आणि याच झाडाच्या फुलोऱ्यावर मधमाश्या मध गोळा करतात. महाबळेश्वरच्या मधपाळांना जांभळाचे जे मोल, तेच तिकडे लिंडनचे. आल्प्सच्या पूर्व टोकाला, स्लोव्हेनियात, मधपेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर चित्रे रंगवण्याची परंपरा अठराव्या शतकापासून आहे. तेथील मधपाळ आंतोन यान्शा यांच्या स्मरणार्थ २० मे हा जागतिक मधमाशी दिन पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१७मध्ये जाहीर केला.

पक्ष्याची साद कंठातून नव्हे, तर पेटीत दडवलेल्या दोन छोट्या भात्यांतून निघते. प्रत्येक भात्यावर एक शिटी असते. एक उंच सूर काढते, दुसरी खालचा. सूचिपर्णी वृक्षाच्या फळासारखी लोखंडी वजने हळूहळू खाली उतरतात आणि यंत्राला गती देतात. एकदिवसीय घड्याळाची साखळी रोज, तर आठ दिवसांच्या घड्याळाची आठवड्यातून एकदा ओढावी लागते.

खरेदीदाराची फसगत होते ती येथेच. सेलवर चालणाऱ्या स्वस्त प्रतिकृतीत वजने केवळ शोभेची असतात आणि आवाज ध्वनिमुद्रित असतो. अस्सल यांत्रिक घड्याळांना ब्लॅक फॉरेस्टमधील उत्पादकांची संघटना प्रमाणपत्र देते. ते पाहावे, साखळी ओढून वजन वर जाते का तपासावे आणि मगच किंमत मोजावी. हाताने कोरणाऱ्या कारागिराचा मोबदला त्या किमतीतच असतो.