तंटानिवारण, आंतरसांस्कृतिक (मुकुटबन परिसर)

भाषा, रूढी व उपजीविका वेगवेगळ्या असलेल्या समाजांतील भांडण दोन्ही बाजूंना समजेल आणि कायद्यालाही मान्य होईल अशा रीतीने मिटवणे, म्हणजे आंतरसांस्कृतिक तंटानिवारण. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबन व त्याच्या आसपासचा तेलंगणाला लागून असलेला मुलूख या विषयाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा आहे.

समाज व भाषा : या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान, बंजारा, तेलुगू भाषक आणि मराठी कास्तकार शेजारी राहतात. गोंडी, कोलामी व तेलुगू या तिन्ही द्राविडी भाषा. मात्र गोंडी व तेलुगू दक्षिण-मध्य शाखेतल्या, तर कोलामी मध्य शाखेतली. त्यामुळे कोलामाला गोंडी आपोआप कळते असे नाही. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक जमात असून कातकरी व माडिया गोंड हे उरलेले दोन समूह होत. मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात 2022 मध्ये उत्पादन सुरू झाल्यापासून रोजगार आणि जमीन यांचे नवे प्रश्नही या जुन्या शेजाराला येऊन मिळाले आहेत.

परंपरा : कोलामांची वस्ती म्हणजे पोड. पोडाच्या चावडीत देवकार्य होते आणि बैठकही बसते. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात नोंदवले, की स्थानिक देवतांच्या पूजेसाठी गोंड लोक कोलाम पुजाऱ्यांना बोलावत. जमात वेगळी, भाषा वेगळी, तरी पूजेचा मान शेजाऱ्याला, ही रीत दोन समाजांना बांधून ठेवी. याच आदिलाबादेत जमीन व जंगलावरील हक्कांसाठी उठाव झाला आणि 1940 मध्ये त्याचे नेते कुमरम भीम जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ यांना तेथे अभ्यासासाठी नेमले. पुढे आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याचे आणि गोंडी भाषेतून शिक्षणाचे प्रयत्न झाले. भांडणाच्या मुळाशी हक्काचा प्रश्न असेल तर नुसत्या समजुतीने भागत नाही, याचा हा जवळचा दाखला आहे.

कायद्याची चौकट : 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला रूढी, सांस्कृतिक ओळख आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार दिला; महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. राज्यभर 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिने दिवाणी, महसुली व फौजदारी तंटे गावपातळीवर सामोपचाराने मिटवण्यासाठी समित्या उभ्या केल्या. लोकअदालतीतील तडजोडीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते.

कार्यपद्धती : इथले नेहमीचे तंटे धुऱ्याचे, पांदण रस्त्याचे, पाण्याचे आणि पिकात शिरलेल्या गुरांचे. समजा, एका पोडावरची गुरे तेलुगू भाषक कास्तकाराच्या कपाशीत शिरली. बैठकीआधी पंचांनी मोक्यावर जाऊन पिकाचे किती तास (ओळी) खाल्ले, कुंपण कुठे मोडले, गुरांची जुनी वाट कोणती, हे दोघांच्या समक्ष पाहावे. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावे. दुभाषी दोन्हीकडच्यांना मान्य असावा, तो एका बाजूचा नातलग नसावा. गप्प बसलेल्याची संमती गृहीत धरू नये. भरपाई रोख, धान्य की मजुरी, आणि ती कोणत्या हंगामापर्यंत, हे ठरवून कागद दोन्ही भाषांत मोठ्याने वाचावा. अंगठा त्यानंतर घ्यावा. गुरांची वाट मोकळी केली नाही, तर पुढच्या पेरणीला तोच तंटा पुन्हा उभा राहतो.

मर्यादा : प्रत्येक भांडण मिटवण्याजोगे नसते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्याखालील (1989) गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत; लैंगिक अत्याचाराचे प्रकरण बैठकीत ठेवणे हाच पीडितेवर दुसरा अन्याय होय. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय गेली असेल, तर गावाच्या तडजोडीने तो व्यवहार कायदेशीर ठरत नाही. त्यासाठी 1974 चा जमीन प्रत्यार्पण कायदा आहे. जातपंचायतीने वाळीत टाकणे हा 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मूल्यमापन : गावातल्या बैठकीने कोर्टाच्या खेपा, वकिलाचा खर्च आणि बुडणारी मजुरी वाचते. पण गावात शांतता दिसावी म्हणून दुबळ्याला नमते घ्यायला लावले, तर त्याला समेट म्हणता येत नाही. ज्याची भाषा बैठकीत सर्वांत कमी लोकांना येते, त्याला ‘नाही’ म्हणता आले आणि त्याचा नकार पंचांनी ऐकून घेतला, तरच तंटा मिटला असे म्हणावे.