वेग भरपूर, तरी खेळ का अडखळतो?
घरच्या गेमिंग कन्सोलसाठी इंटरनेट आणि टीव्ही निवडताना

वर्धा : नव्वदच्या दशकात विदर्भातील घरांत व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचे छोटे यंत्र आणि त्यात बसवायची कॅसेट, एवढेच समीकरण होते. दोन्ही खेळाडू एकाच सतरंजीवर बसलेले असत. आता प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सवर खेळणाऱ्याचा प्रतिस्पर्धी शेकडो किलोमीटर दूर असतो. खेळ अडखळू लागला की दोष वर्ध्याच्या अंतराला दिला जातो आणि अधिक वेगाची इंटरनेट योजना किंवा मोठा टीव्ही घेण्याचा विचार सुरू होतो. मात्र, हा खर्च अनेकदा चुकीच्या जागी होतो. कारण अडथळा बऱ्याच वेळा मुंबईच्या वाटेवर नसतो, तो घराच्या बैठकीच्या खोलीतच असतो.

वेग वेगळा, विलंब वेगळा

केंद्र सरकारच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस ठरविण्यात आला होता. त्या वेगाने आजचा १०० जीबीचा एखादा खेळ उतरवून घ्यायचा म्हटल्यास सुमारे ३६ दिवस लागतील. ३० एमबीपीएसवर हेच काम साधारण साडेसात तासांत आणि १०० एमबीपीएसवर सव्वादोन तासांत होते. खेळ आणि त्याचे अपडेट उतरवताना वेगाला महत्त्व आहे, यात शंका नाही.

प्रत्यक्ष ऑनलाइन खेळताना मात्र फार थोडा डेटा लागतो. तेव्हा महत्त्वाचा ठरतो तो विलंब. कन्सोलवरून निघालेला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात आणि त्याला 'पिंग' म्हणतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. वर्धा ते मुंबई हे अंतर रेल्वेमार्गाने साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. फायबरचा मार्ग हजार किलोमीटरचा धरला तरी जाऊन-येऊन केवळ १० मिलिसेकंद लागतात. मधल्या यंत्रणांचा वेळ मिळवूनही चांगल्या फायबर जोडणीवर हा आकडा २० ते ४० च्या दरम्यान राहण्यास हरकत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये भारतात आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यामुळे खेळांचे सर्व्हर देशातच ठेवण्याची सोय झाली. तरीही प्रत्येक खेळाचा सर्व्हर येथे असतोच असे नाही. तो सिंगापूरला असेल, तर चार हजार किलोमीटरहून अधिक मार्गासाठी किमान ४० मिलिसेकंद लागणारच. कोणतीही महागडी योजना हा विलंब कमी करू शकत नाही. म्हणून खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडण्याची सोय असल्यास सर्वांत जवळचा प्रदेश निवडावा.

घरापर्यंतची जोडणी

फायबर उपलब्ध असेल तेथे तोच पहिला पर्याय ठरतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडचा वेग एक्स्चेंजपासूनच्या अंतराबरोबर घटत जातो. मोबाईल हॉटस्पॉट किंवा फाइव्ह-जीवर चालणारी घरगुती जोडणी वेगवान असू शकते. तथापि, टॉवरवरील गर्दीनुसार तिचा विलंब बदलत राहतो. खेळाडूला स्थिर ४० मिलिसेकंद चालतात. क्षणात २० आणि क्षणात १५० झालेले चालत नाहीत.

योजना घेताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, अपलोडचा वेग किती आहे. दुसरी, ठरावीक डेटा वापरून झाल्यावर वेग किती उरतो. 'अमर्याद' या शब्दावर विसंबून दोन-तीन मोठे खेळ उतरवले की मर्यादेचा अनुभव येऊ शकतो.

भिंती, स्लॅब आणि लॅन केबल

राउटर पुढच्या खोलीत आणि कन्सोल वरच्या मजल्यावर, अशी मांडणी पुष्कळ घरांत असते. जाड विटांची भिंत आणि लोखंडी सळ्यांचा स्लॅब पार करताना वाय-फायचा संकेत क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाय-फायने तो गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तुलनेने मोकळा, परंतु भिंतींपुढे लवकर हार मानणारा आहे. २०१३ च्या मूळ प्लेस्टेशन ४ मध्ये तर ५ गिगाहर्ट्झची सोयच नव्हती. अशा कन्सोलसाठी नवा महाग राउटर घेऊनही फारसा लाभ होत नाही.

यावर सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. 'कॅट ५ई' प्रकारची साधी केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग देऊ शकते. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स व एस या कन्सोलना तिचे पोर्ट आहे. केबल टाकणे शक्य नसल्यास राउटर कन्सोलच्या जवळ, मोकळ्या जागी आणि उंचावर ठेवावा.

मित्राशी संपर्कच होत नसेल तर

काही वेळा पिंग उत्तम असूनही मित्राच्या खेळात सामील होता येत नाही किंवा त्याचा आवाज ऐकू येत नाही. अनेक सेवापुरवठादार एकच सार्वजनिक आयपी पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटून देतात. परिणामी बाहेरून येणारी जोडणी अडते. कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत 'नॅट टाइप ३' किंवा 'स्ट्रिक्ट' असे दिसल्यास प्रथम राउटरमधील यूपीएनपी सुरू आहे का ते पाहावे. तरीही फरक न पडल्यास सेवापुरवठादाराकडे आयपीव्ही-६ किंवा स्वतंत्र आयपी पत्त्याची मागणी करावी. स्वतंत्र पत्त्यासाठी वेगळे शुल्क पडू शकते.

टीव्हीही वेळ खातो

आधुनिक टीव्ही चित्र अधिक तुकतुकीत दिसावे म्हणून त्यावर प्रक्रिया करतो. चित्रपट पाहताना त्याचा त्रास होत नाही. खेळताना मात्र बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत अंतर पडते. काही संचांत हा विलंब १०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. म्हणजे वर्धा-मुंबई फेरीला लागणाऱ्या वेळाच्या कितीतरी पट वेळ समोरचा टीव्हीच खातो! रिमोटवरून 'गेम मोड' सुरू केल्यास चांगल्या संचात हा आकडा २० किंवा त्याखाली येतो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

नवा टीव्ही घेण्यासाठी नागपूर गाठण्यापूर्वी पुढील बाबी टिपून ठेवाव्यात. 'फोर-के' हा शब्द केवळ चित्रातील ठिपक्यांची संख्या सांगतो. पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो, हे हर्ट्झ या आकड्यावरून कळते. कमी किमतीच्या फोर-के संचांचा पडदा बहुधा ६० हर्ट्झचा असतो आणि बहुतेक खेळांना तो पुरेसा आहे. १२० हर्ट्झ हवे असल्यास पडदा खरोखर तेवढ्या क्षमतेचा आणि पोर्ट एचडीएमआय २.१ चे आहे, याची खात्री करावी. काही संचांत चारपैकी एक-दोन पोर्टच त्या क्षमतेची असतात. कन्सोलसोबत आलेली केबलच वापरावी. लहान खोलीत एकट्याने खेळणाऱ्यासाठी २४ ते २७ इंचांचा मॉनिटर कमी विलंबाचा आणि स्वस्त पर्याय ठरतो. त्याला स्पीकर आहेत का, हे मात्र पाहावे.

वैशाखवणवा आणि कूलर

प्लेस्टेशन ५ साठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान योग्य असल्याचे उत्पादक सांगतो. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे भिंतीला चिकटवून कन्सोल ठेवू नये. त्याच्या चारही बाजूंनी हवा खेळती राहावी. कूलरच्या थेट झोतातही तो नसावा, कारण दमट हवा आणि पाण्याचे तुषार विद्युत यंत्रांना घातक असतात.

वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे लागतात आणि रंगात आलेला सामना हातचा जातो. फायबरचे यंत्र आणि राउटर यांच्यासाठी छोटा यूपीएस घेतल्यास ही अडचण टळते.

आधी मोजमाप, मग खरेदी

नवी योजना घेण्यापूर्वी एक साधी चाचणी करावी. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास पिंग मोजावा. त्यानंतर कन्सोलच्या जागी वाय-फायवर तीच चाचणी करावी. राउटरजवळ आकडा चांगला आणि कन्सोलजवळ वाईट असेल, तर दोष घरातील मांडणीत आहे. योजना बदलून तो जाणार नाही. राउटरजवळच रात्री आकडा चढत असेल, तर आधी घरात कोणी मोठी फाइल चढवत वा उतरवत नाही ना, हे पाहावे. तसे नसल्यास सेवापुरवठादाराकडे आकड्यांनिशी तक्रार करावी. दोन्ही ठिकाणी आकडे ठीक असूनही हात आणि पडदा यांचा मेळ बसत नसेल, तर टीव्हीचा गेम मोड तपासावा. ही तीन उत्तरे हाती आल्यावर जो खर्च होईल, तो योग्य जागी होईल.